फातमा बेगम : देशातील पहिल्या महिला चित्रपट दिग्दर्शिका

फातमा बेगम (जन्म १८९२, इंतेकाल १९८३) या उर्दू रंगभूमीवरील आणि मूकपटांच्या काळातील अभिनेत्री. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद होते. पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका जुबैदा ही त्यांची मुलगी. आपल्याकडे जुबैदाचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं, आईचं मात्र फार थोड्यांना.

घर आणि रंगभूमी

फातमा बेगम उर्दू बोलणाऱ्या मुस्लिम घरातल्या. अभिनयाचं शिक्षण त्यांना उर्दू नाटकांतच मिळालं. तेव्हा माईक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शब्द न् शब्द कळला पाहिजे, असा आवाज आणि उच्चार कमवावा लागे.

सचिन संस्थानचे नवाब सिदी इब्राहिम मुहम्मद याकूत खान तिसरे यांच्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. सुरतजवळचं हे छोटं संस्थान मुरुड-जंजिऱ्याच्या सिदी घराण्याच्याच एका शाखेचं. मात्र निकाहनामा किंवा करार झाल्याची नोंद मिळत नाही. मुलांना नवाबांनी आपलं म्हणून मान्य केल्याचीही नोंद नाही. त्यामुळे ‘नवाबाची बेगम’ ही त्यांची ओळख कागदावर टिकत नाही. सुलताना, जुबैदा आणि शहजादी या तिन्ही मुली पुढे चित्रपटांत आल्या.

पडद्यावर पदार्पण

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानं केली, कारण काम करायला बाई मिळाली नाही. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी ती कोंडी फोडली. तरीही पुढची कित्येक वर्षं स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. ज्या बायका काम करत त्यांच्याकडे समाज चांगल्या नजरेनं पाहत नसे, मग घर हिंदूचं असो की मुसलमानाचं.

अशा काळात, १९२२ मध्ये, अर्देशिर इराणी यांच्या ‘वीर अभिमन्यू’मधून फातमा बेगम पडद्यावर आल्या. तेव्हा त्यांची तिशी आली होती आणि पदरी मुली होत्या. सुलतानाही याच चित्रपटात होती. पुढे ‘सती सरदारबा’, ‘पृथ्वी वल्लभ’ (दोन्ही १९२४) असे चित्रपट आले आणि मुंबईच्या कोहिनूर व इंपीरियल या मोठ्या कंपन्यांत त्यांनी काम केलं. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटे, म्हणून नाटकातला भडक रंग चालत नसे. रंगभूमीवरून आलेल्या नटांना चेहऱ्याचा मेकअप नव्यानं शिकावा लागला.

स्वतःची कंपनी

१९२६ मध्ये त्यांनी ‘फातमा फिल्म्स’ ही स्वतःची कंपनी काढली. १९२८ मध्ये तिचं नाव ‘व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स’ झालं. कंपनीचा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ (१९२६) हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. हीच भारतीय स्त्रीनं दिग्दर्शित केलेली पहिली फिल्म. पऱ्यांच्या कथेवरचा हा चित्रपट भरपूर ट्रिक फोटोग्राफीचा आणि खर्चिक होता. त्यानंतर ‘हीर रांझा’ (१९२८), ‘गॉडेस ऑफ लक’ (१९२९) असे आणखी चित्रपट त्यांनी केले.

आजच्या भाषेत सांगायचं तर निर्माती, दिग्दर्शिका आणि अभिनेत्री या तिन्ही जबाबदाऱ्या एकाच बाईच्या अंगावर होत्या. शिवाय स्वतःची कंपनी चालू असताना त्या बाहेरच्या कंपन्यांतही काम करत होत्या. बायकांना मतदानाचा हक्कही जेमतेम मिळू लागला होता, त्या वेळची ही गोष्ट आहे.

बोलपट आणि जुबैदा

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. नायिका जुबैदा, नायक मास्टर विठ्ठल आणि भाषा हिंदुस्तानी. आवाज आल्यावर अनेक बड्या मूकपट कलाकारांची अडचण झाली. सुलोचना या नावानं गाजलेल्या रूबी मायर्स यांना भाषा शिकण्यासाठी काही काळ काम थांबवावं लागलं. जुबैदाला ती अडचण आली नाही. उर्दू तिच्या घरातलीच होती.

जुबैदानं पुढे १९३४ मध्ये नानूभाई वकील यांच्यासोबत ‘महालक्ष्मी मूव्हिटोन’ सुरू केली, म्हणजे आईसारखीच तीही कंपनीची मालकीण झाली. तिचा विवाह हैदराबादचे महाराज नरसिंगगीर धनराजगीर यांच्याशी झाला. आपला धाराशिव जिल्हाही तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता. ‘उस्मानाबाद’ हे नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरूनच पडलं. सुलताना पाकिस्तानात गेली. तिची मुलगी जमिला रज्जाक हिनं तिकडच्या चित्रपटांत काम केलं.

फातमा बेगम स्वतः १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अभिनय करत राहिल्या. त्यानंतर जवळपास ४५ वर्षं त्या हयात होत्या.

काय उरलं?

‘बुलबुल-ए-परिस्तान’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘आलम आरा’चीही नाही. जुन्या नायट्रेट फिल्मला आग पटकन लागे, शिवाय त्यातली चांदी काढण्यासाठी कित्येक रिळं विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर मूकपटांचा बहुतेक ठेवा हातचा गेला होता.

त्यामुळे फातमा बेगम यांचं काम आज जाहिराती, छायाचित्रं आणि चित्रपटांच्या याद्या यांतूनच कळतं. नवाबाशी जोडलेलं नाव आणि मुलीची कीर्ती लोकांच्या लक्षात राहिली, पण कंपनीच्या पाटीवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं हे मागे पडलं. आपल्या घरांतल्या जुन्या पेट्यांत नाटक-सिनेमाची हँडबिलं, फोटो, रेकॉर्डची पाकिटं असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा नीट पाहा. कुणाच्या तरी आजीची किंवा नानीची शेवटची नोंद त्यात असू शकते.