शिंपाकु बोन्साय

जपानच्या डोंगरकड्यांवर वाढणारे जुनिपरचे सदाहरित झाड (ज्युनिपेरस चायनेन्सिस, प्रकार सार्जेंटाय) व त्याची कुंडीतील रचना. पाने खवल्यांसारखी, बारीक व दाट.

डोंगरातून काढून आणलेल्या बोन्सायच्या झाडाला ‘यामादोरी’ म्हणतात. शिकोकु बेटावरचा इशिझुची पर्वत आणि पुढे निइगाता प्रांतातील इतोईगावाजवळचे चुनखडीचे कडे दोराला लोंबकळत धुंडाळून लोक शिंपाकु मिळवत. त्यात काहींचे प्राणही गेले. रानातली चांगली झाडे जवळजवळ संपल्यावर फाटे लावून रोपे करणे रूढ झाले.

कड्यावर या झाडाला फटीतली मूठभर माती मिळते. बर्फाच्या भाराने फांद्या खाली दबतात, घसरत्या दगडांनी साल सोलवटते. एका अंगाची मुळे मेली की त्यांवर पोसलेला खोडाचा पट्टा वाळतो. शेजारचा मात्र जगतो. राळयुक्त लाकूड सहसा कुजत नाही, उन्हापावसात पांढरे पडते. तांबूस जिवंत सालीची शीर या पांढऱ्या लाकडाला वेढे घेत वर जाते. शिंपाकुचे सारे सौंदर्य इथे आहे.

रचनाकार हेच हाताने घडवतो. वाळक्या फांदीला ‘जिन’, खोडाच्या सोललेल्या भागाला ‘शारी’ म्हणतात. साल काढून लाकूड धाग्याच्या दिशेने कोरतात आणि चुना-गंधकाचे द्रावण लावतात. त्याने ते पांढरे होते व टिकते. फांद्या तारेने वळवतात. कुंडीखाली लोंबणारी रचना ती ‘केंगाई’, वाऱ्याने एकाच अंगाला झुकलेली ‘फुकिनागाशी’, खडकावर बसवलेली ‘इशिझुकी’. मात्र कोरीवकाम कितीही नाजूक असले, तरी झाड असे का झाले हे दिसत नसेल तर ते खोटेच वाटते. फुकिनागाशीत फांद्या एकीकडे आणि जिन भलतीकडे वळलेले असले, तर वारा कुठून आला? प्रदर्शनांतून हा दोष पुष्कळदा आढळतो. जपानमधील ओमियाचे बोन्साय रचनाकार मासाहिको किमुरा (जन्म १९४०) यांनी कोरण्यासाठी विजेची यंत्रे वापरली. परंपरावाद्यांना ते रुचले नाही, पण त्यांच्या झाडांतला डोंगर नाकारणे अवघड आहे.

महाराष्ट्रात बोन्सायसाठी वड, पिंपळ, उंबर अधिक वापरतात. त्यांचे मेलेले लाकूड दमट हवेत लवकर कुजते, त्यामुळे जिन-शारी फार टिकत नाही. इथले रचनाकार त्याऐवजी पारंब्यांवर आणि दगडाला कवळणाऱ्या मुळांवर भर देतात. किल्ल्यांच्या तटातून उगवलेले पिंपळ अशा मुळांचा चांगला नमुना आहेत.