तळणीला आलेली बाई

2022 ची दिवाळी आठवते ना? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, 25 ऑक्टोबरला, संध्याकाळी सूर्यग्रहण लागलं होतं. आम्ही गटातल्या एका ताईंकडे फराळाला जाणार होतो, तर त्यांचा निरोप आला, "गिराण सुटल्यावर या." त्यांची सून गरोदर होती. तिला दुपारपासून आतल्या खोलीत बसवलेलं. विळीला हात लावायचा नाही, घोटभर पाणीही नाही.

त्यानंतर आम्ही ग्रहणांबद्दल मिळेल ते वाचायला लागलो, आणि आपल्याच वऱ्हाडातली एक हकीकत हाती लागली.

22 जानेवारी 1898, पौष अमावास्या. मुंबई-पुण्यात प्लेगचे दिवस. त्या दुपारी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून आत शिरली आणि जेऊर, पुलगाव करत बिहारात बक्सरपर्यंत गेली. वाटेत जागोजागी दुर्बिणी मांडलेल्या. विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्लंडचे लॉकियर साहेब. करमाळ्याकडच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला. आणि आपल्या धामणगावजवळ, तळणीला, इंग्लंडहून आलेली हौशी अभ्यासकांची मंडळी. त्यांच्यातच होत्या ॲनी माँडर.

ही बाई मूळची आयर्लंडची. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, परीक्षेत उत्तम पास झाली, पण बाईमाणसाला तेव्हा तिथे पदवी देत नसत. 1891 साली ग्रिनिच वेधशाळेत लागली, पगार महिना 4 पौंड. शाळेत शिकवून तिला यापेक्षा जास्त मिळत होते, तरी ती गेली. काम होतं सूर्याचे फोटो काढायचं आणि त्यावरचे डाग मोजायचं. 1895 मध्ये तिथल्याच वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केलं आणि नोकरी सुटली. सरकारी नोकरीत लग्न झालेली बाई चालत नव्हती. नवऱ्याची नोकरी राहिली, हे सांगायलाच नको.

म्हणजे तळणीला ती आली ते बिनपगारी. सोबत लहानसा कॅमेरा, त्याचं भिंग जेमतेम दीड इंचाचं. तेही गर्टन कॉलेजने दिलेल्या पैशांतून घेतलेलं.

खग्रासात चंद्र सूर्याला पुरता झाकतो, तेव्हा भोवती पांढुरक्या तेजाचं कडं दिसतं. त्याला प्रभामंडल म्हणतात. एरवी सूर्याच्या उजेडापुढे ते दिसत नाही. तळणीला त्यासाठी मिळाली जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात काच बदलायची, उघडझाप सांभाळायची, हात कापू द्यायचा नाही. आकाश स्वच्छ होतं. ॲनीबाईंच्या काचेवर सूर्यापासून निघालेला एक लांबच लांब झोत उमटला, जवळपास 1 कोटी किलोमीटरचा. इतका लांब झोत तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता. आजूबाजूला मोठमोठ्या दुर्बिणी होत्या, आणि हे साधलं दीड इंचाच्या भिंगाने!

लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने 1892 मध्ये तिला सभासद करून घेतलं नव्हतं. करून घेतलं ते 1916 साली, बायकांना दार उघडल्यावर. तेव्हा महायुद्ध चालू होतं, आणि ती ग्रिनिचला पुन्हा कामावर जात होती.

ही हकीकत आम्ही परवा त्या सुनेला सांगितली. तिची मुलगी मांडीवर झोपली होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "मग दुसऱ्यांदा गेली तेव्हा तरी पगार दिला का तिला?"

नाही दिला. तेव्हाही ती फुकटच राबली.