पडदा यजमान, प्रोग्राम पाहुणा : एक्स विंडो प्रणालीची कथा

१/ १९ जून १९८४. अमेरिकेतील एमआयटीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेतून रॉबर्ट शाइफ्लर यांनी सहकाऱ्यांना एक छोटासा ईमेल पाठवला. त्याचा आशय असा : गेले दोनेक आठवडे खपून एक विंडो प्रणाली लिहिली आहे, 'डब्ल्यू' नावाच्या प्रणालीतला बराच कोड त्यात सरळ उचलला आहे, वेग जवळपास दुप्पट झालेला दिसतो, नाव ठेवले आहे 'एक्स'. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूनंतर एक्स येतो, एवढेच त्या नावामागचे कारण. एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम भलत्याच ठिकाणच्या पडद्यावर दिसावा, ही सोय युनिक्सच्या जगात ज्या प्रणालीमुळे रुळली, तिची ही जन्मनोंद.

२/ त्या वर्षीच्या जानेवारीतच ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला होता. खिडक्या, चित्रे, माउस हे सारे त्यात होतेच. झेरॉक्स पार्कच्या 'आल्टो'मध्ये तर ते १९७३ पासून होते. पण या दोन्ही यंत्रांत प्रोग्राम जिथे चालतो, तिथेच तो दिसतो. शाइफ्लर यांची अडचण वेगळी होती. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटात 'आर्गस' या प्रकल्पावर ते काम करत होते. आर्गसमधील प्रोग्रामचे तुकडे एकाच वेळी अनेक यंत्रांवर चालत. चूक कुठे होते आहे हे शोधायचे, तर त्या सर्व तुकड्यांच्या हालचाली एका पडद्यावर शेजारी शेजारी दिसायला हव्या होत्या.

३/ त्याच आवारात दुसरी गरज आकार घेत होती. मे १९८३ मध्ये एमआयटीने 'प्रोजेक्ट अथेना' जाहीर केला होता. विद्यापीठातील प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक वापरता यावा, हा त्याचा हेतू. यंत्रे देणार होत्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या : डिजिटल इक्विपमेंट, म्हणजे डेक, आणि आयबीएम. दोघींची यंत्रे वेगळी, पडदे वेगळे, आतली बांधणीही वेगळी. विद्यार्थ्याला मात्र कोणत्याही खोलीत, कोणत्याही यंत्रासमोर बसले तरी आपले काम जसेच्या तसे मिळायला हवे. अथेनावर डेकच्या वतीने काम करणारे जिम गेटिस आणि शाइफ्लर एकत्र आले, ते या दोन गरजा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्यामुळे.

४/ 'डब्ल्यू' स्टॅनफर्ड विद्यापीठातली. पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी ती 'व्ही' या प्रायोगिक कार्यप्रणालीसाठी लिहिली होती; पुढे असेंटे आणि ख्रिस केंट यांनी ती डेकच्या युनिक्स यंत्रांवर आणली. तिचा दोष एकच, पण मोठा. प्रोग्रामने पडद्याला एक आज्ञा द्यायची, उत्तर येईपर्यंत थांबायचे, मग पुढची आज्ञा. प्रत्येक पत्राची पोचपावती हातात पडल्याशिवाय पुढचे पत्र टपालात न टाकणाऱ्या माणसासारखे हे होते. शाइफ्लर यांनी ती पोचपावतीची अट काढून टाकली. आज्ञा सलग पाठवत राहायच्या. ज्या प्रश्नाला खरोखर उत्तर हवे, तिथेच थांबायचे. वेग दुप्पट झाला, तो मुख्यतः या एका निर्णयाने.

५/ इथे एक शब्द नव्या वाचकाला हमखास चकवतो. 'सर्व्हर' म्हटले की दूरच्या थंड खोलीतले बलाढ्य यंत्र डोळ्यांसमोर येते. एक्समध्ये नेमके उलटे आहे. सर्व्हर म्हणजे वापरणाऱ्याच्या टेबलावरचे यंत्र. कारण पडदा, कळफलक आणि माउस त्याच्या ताब्यात असतात आणि त्यांची सेवा तो इतरांना देतो. दूरच्या महासंगणकावर चालणारा प्रोग्राम हा बिचारा 'क्लायंट'. तो दारात येऊन विनवतो : अमुक आकाराची खिडकी द्या, इथून तिथवर रेषा काढा, या अक्षरवळणात एवढा मजकूर लिहा. पडदा यजमान, प्रोग्राम पाहुणा. नावे उलटी वाटतात खरी, पण विचार सरळ आहे.

६/ पाहुणा आणि यजमान वेगवेगळ्या घराण्यांतले असले तरी बिघडत नाही, याची तजवीज थेट पहिल्या बाइटपासून आहे. डेकचे व्हॅक्स यंत्र संख्येचा लहान भाग आधी साठवी, तर आयबीएमचे आरटी मोठा भाग आधी. एक्स-११ मध्ये जोडणी होताच क्लायंट सर्वप्रथम एकच अक्षर पाठवतो. मोठा 'बी' पाठवला की मोठा भाग आधी. छोटा 'एल' पाठवला की लहान भाग आधी. उलटापालट करायचे कष्ट सर्व्हरने घ्यायचे. पाहुण्याने आपल्या भाषेत बोलावे, भाषांतर यजमान करील, असा हा रिवाज.

७/ पत्ता सांगण्याची पद्धतही तितकीच साधी होती. प्रोग्राम चालू करण्यापूर्वी 'डिस्प्ले' नावाच्या चलात पडद्याच्या यंत्राचे नाव, विसर्गचिन्ह आणि पडद्याचा क्रमांक लिहायचा. शून्य क्रमांकाचा पडदा नेटवर्कच्या ६००० या पोर्टवर कान देऊन असे, पहिल्या क्रमांकाचा ६००१ वर. नाव बदलले की खिडकी दुसऱ्या खोलीत उघडणार. प्रोग्राम लिहिणाऱ्याला यासाठी एक ओळही जास्त लिहावी लागत नसे. या व्यवस्थेचे खरे सौंदर्य तेच.

८/ आवृत्त्या मात्र भराभर बदलल्या. १९८५ च्या सप्टेंबरात नववी आवृत्ती आली, पाठोपाठ दहावी, आणि १५ सप्टेंबर १९८७ रोजी अकरावी. आजही चालतो तो हाच एक्स-११. मधल्या काळात भर पुष्कळ पडली, पण 'बारा' कधी आलाच नाही.

९/ एक्सला स्पर्धक नव्हते असे नाही. सन कंपनीने जेम्स गॉसलिंग आणि डेव्हिड रोझेंथल यांच्याकडून 'न्यूज' नावाची प्रणाली घडवून घेतली होती. ती पोस्टस्क्रिप्ट या भाषेवर उभी होती. बटण दाबल्यावर काय घडायचे हे सांगणारा छोटा प्रोग्रामच ती पडद्याच्या यंत्राकडे पाठवू शके, त्यामुळे दर हालचालीला नेटवर्कवर खेप घालावी लागत नसे. कल्पनेच्या उंचीत 'न्यूज' एक्सच्या पुढे होती, हे मान्य करायला हरकत नाही. (हेच गॉसलिंग पुढे 'जावा'चे जनक झाले.)

१०/ तरी जिंकला एक्स, आणि त्यामागे तंत्रापेक्षा परवाना अधिक होता. नवव्या आवृत्तीपासून एमआयटीने कोड जवळजवळ विनाअट खुला केला : घ्या, बदला, विका, फक्त मूळ नोंद पुसू नका. सनची प्रणाली स्वीकारणे म्हणजे सनच्या ओंजळीने पाणी पिणे. डेक, आयबीएम, एचपी यांना ते कसे मानवावे? एमआयटी कोणाचीच स्पर्धक नव्हती. जानेवारी १९८८ मध्ये शाइफ्लर यांच्या नेतृत्वाखाली 'एमआयटी एक्स कन्सॉर्शियम' स्थापन झाले आणि एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्या एका मेजावर बसल्या. पुढे १९९८ मध्ये एक्सचा ताबा असलेल्या 'ओपन ग्रुप'ने नव्या आवृत्तीवर व्यापारी अटी लादून पाहिल्या. विरोध इतका झाला की त्याच वर्षी त्या मागे घ्याव्या लागल्या.

११/ आता या घराच्या दाराकडे पाहू, कारण दाराला कडी नव्हती. एक्सचा जन्म विद्यापीठात, ओळखीच्या माणसांत झाला. एकदा एखादा प्रोग्राम तुमच्या पडद्याशी जोडला गेला, की तो इतर खिडक्यांतील चित्र टिपू शके आणि कळफलकावरची प्रत्येक कळ ऐकू शके. दारवानाचे काम 'एक्सहोस्ट' करी, तेही यंत्राचे नाव पाहून, माणसाचे नव्हे. त्यापुढे अधिकचे चिन्ह टाकले की अख्ख्या जगाला मुक्तद्वार. घाईच्या वेळी कित्येकांनी तेच केले. मग टवाळखोर विद्यार्थी दुसऱ्याच्या पडद्यावर खिडक्यांमागे दडणारी झुरळे सोडत. ती निदान दिसत तरी होती. पासवर्ड टिपणारा प्रोग्राम दिसतही नसे. 'एक्सटर्म'च्या मेनूत 'सिक्युअर कीबोर्ड' हा पर्याय आला, तो याच भीतीपोटी.

१२/ पुढे 'मॅजिक कुकी' आली : १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या, एका खासगी फाइलीत ठेवलेली. ती दाखवील त्याला प्रवेश. पण ही खूण नेटवर्कवरून उघडीच जाई. वाटेत कान लावून बसलेल्याला ती सहज मिळे. परवलीचा शब्द भर बाजारात ओरडून सांगण्यातलाच हा प्रकार.

१३/ १९९५. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असाच कान लावून पासवर्ड गोळा केले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून स्वतःच एक प्रोग्राम लिहिला : एसएसएच. टेलनेट २३ व्या पोर्टवर, एफटीपी २१ व्या. मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी जुलैत मागितला आणि दुसऱ्याच दिवशी मिळाला. वर्षअखेरीस सुमारे ५० देशांत २०,००० लोक तो वापरत होते.

१४/ एसएसएचने एक्ससाठी जे केले, त्यात खरी खुबी आहे. दूरच्या यंत्रावर तो स्वतःच एक खोटा पडदा मांडतो, बहुधा दहाव्या क्रमांकाचा. तिथला प्रोग्राम समजतो की पडदा याच यंत्रावर आहे. त्याच्या आज्ञा कुलूपबंद बोगद्यातून वापरणाऱ्याच्या टेबलापर्यंत येतात. दूरच्या यंत्राला कुकीही बनावट दिली जाते. घरच्या उंबरठ्यावर एसएसएच ती तपासतो आणि तिच्या जागी अस्सल कुकी ठेवून आत सोडतो. अस्सल खूण घराबाहेर पडतच नाही. एक्सच्या प्रोग्रामांत मात्र यासाठी एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही. पूर्वी पत्ता केवळ एका चलात ठेवण्याचा जो साधेपणा स्वीकारला होता, तो असा कामी आला.

१५/ बोगदा वाटचोरांपासून वाचवतो, पाहुण्यापासून नाही. दूरचे यंत्रच कोणी काबीज केले असेल, तर त्याच बोगद्यातून तो तुमच्या पडद्यावर पोहोचतो. म्हणूनच ओपनएसएसएचमध्ये दोन पर्याय आहेत : मोठा 'एक्स' पाहुण्याला ओसरीवर थांबवण्यासाठी, मोठा 'वाय' माजघरापर्यंत नेण्यासाठी. ओसरीवर बरेच प्रोग्राम अडखळतात, म्हणून लोक सर्रास 'वाय' वापरतात. काही लिनक्स वितरणांनी तर हा भेदच मूळ मांडणीत मिटवून टाकला आहे.

१६/ सुरक्षेपेक्षाही हट्टी शत्रू म्हणजे अंतर. मुंबई ते बॉस्टन सरळ रेषेत १२,००० किलोमीटरांहून थोडे अधिक. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर धावतो. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला निदान ०.१२ सेकंद. उघडतानाच एकापाठोपाठ एक शंभर प्रश्न विचारणारा प्रोग्राम १२ सेकंद नुसता ताटकळतो. शाइफ्लर यांनी पोचपावतीची सक्ती काढली होती. नंतरच्या प्रोग्रामकारांनी नकळत ती परत आणली. १९९० च्या दशकात 'लो बँडविड्थ एक्स'ने बाइट कमी केले, पण खेपा पुरेशा कमी झाल्या नाहीत. हा रोग नेमका ओळखला तो पुढे 'एनएक्स'ने : शक्य तितकी उत्तरे जागच्या जागी देऊन टाकायची.

१७/ दरम्यान खिडक्यांचे स्वरूपच पालटले. १९८७ मध्ये 'रेषा काढा, अक्षर लिहा' या आज्ञांनी काम भागे. आजचा प्रोग्राम गुळगुळीत अक्षरे आणि सावल्या स्वतःच रंगवतो आणि तयार चित्र पाठवतो. आज्ञांची चिठ्ठी हलकी असते, चित्राचे गाठोडे जड. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'वेलँड'ने हे वास्तव मान्य केले; प्रोग्राम आणि पडदा एकाच यंत्रावर आहेत असे धरून त्याची रचना झाली. त्यात खिडकीला शेजारच्या खिडकीत डोकावता येत नाही, कळा चोरून ऐकता येत नाहीत. मात्र नेटवर्कवरून खिडकी आणणे मूळ प्रोटोकॉलात नाही. त्यासाठी 'वेपाइप'सारखे वेगळे साधन जोडावे लागते.

१८/ एक्स यामुळे संपलेला नाही. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून वेलँडच्या पोटात 'एक्सवेलँड' नावाचा पूर्ण एक्स सर्व्हर वागवला जातो. आणि १९८४ च्या उन्हाळ्यात गेटिस यांच्या हाताखालच्या मार्क व्हँडेव्हूर्ड या विद्यार्थ्याने लिहायला घेतलेला 'एक्सटर्म' आजही दूरच्या यंत्रावर चालवता येतो. तिथे डिस्प्लेची किंमत छापून पाहिली, तर बहुधा उत्तर येते : लोकलहोस्ट, दहा.