आजारपणाचा खर्च आणि प्राप्तिकर : वरोऱ्यातील पगारदारांनी काय पाहावे

वरोरा-भद्रावती पट्ट्यात वेकोलि, आयुध निर्माणी, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारी आपली बरीच कुटुंबे आहेत. औषधपाण्याची बिले दाखवली की कापलेला टॅक्स परत मिळतो, असे त्यांना सर्रास सांगितले जाते. आजारपणाच्या या सवलती फक्त जुन्या करप्रणालीत आहेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे. नव्या प्रणालीत पगारदार आणि पेन्शनर यांना १२.७५ लाखांपर्यंत (शेअर वगैरेंचा भांडवली नफा सोडून) कर नाही. त्यामुळे बहुतेक पेन्शनरांनी या भानगडीत पडायचे कारण नाही.

बाकीच्यांसाठी सर्वांत उपयोगाचे कलम ८०डी. स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्य विमा २५ हजारांपर्यंत, साठीपुढच्या आईवडिलांचा वेगळा ५० हजारांपर्यंत. आईवडिलांचा विमाच नसेल, तर त्यांच्या उपचाराचा खर्च याच ५० हजारांत धरता येतो. आजार कोणताही चालतो आणि ते तुमच्यावर अवलंबून असण्याची अटही नाही. सासूसासरे मात्र यात येत नाहीत. पैसे रोखीने दिले असतील तर दावा बुडाला. रोख चालते ती फक्त ५ हजारांपर्यंतच्या प्रतिबंधात्मक तपासणीला. म्हणून मेडिकलवाल्याला पैसे यूपीआयने द्या, आणि तेही स्वतःच्या खात्यातून.

कलम ८०डीडीबी ठराविक आजारांसाठी आहे. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पार्किन्सनसारखे काही मेंदूविकार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया वगैरे. मर्यादा ४० हजार, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाख. तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि विम्यातून किंवा कंपनीकडून मिळालेली रक्कम वजा होते.

या यादीत सिकलसेल नाही. विदर्भात आदिवासींइतकाच आपल्या बौद्ध समाजातही हा आजार घरोघरी माहीत आहे. केंद्राने १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, पण रक्तविकारांच्या यादीत थॅलेसेमियाच्या शेजारी त्याचे नाव घातले गेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, त्याचे प्रमाणपत्रही मिळते. अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी सवलत देणारे कलम ८०डीडी मात्र व्याख्येसाठी अजून १९९५ च्या रद्द झालेल्या कायद्याकडे बोट दाखवते. जुन्या कायद्याऐवजी नवा वाचावा, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण तो युक्तिवाद आहे, खात्री नव्हे. चार्टर्ड अकाउंटंटचे लेखी मत घेतल्याशिवाय सिकलसेलचा दावा टाकू नये. आमदार-खासदारांना निवेदन द्यायचे असेल, तर या यादीबद्दल द्यावे.

गंमत अशी की त्याच १९९५ च्या व्याख्येत कुष्ठमुक्त व्यक्ती आहे. महारोगी सेवा समितीच्या आनंदवनामुळे वरोऱ्याला हा शब्द नवा नाही. प्रमाणपत्रावर दिव्यांगता ४० टक्के असेल तर सरसकट ७५ हजार, ८० टक्क्यांपुढे १.२५ लाख. प्रत्येक बिल जुळवावे लागत नाही. दिव्यांग व्यक्ती स्वतः कर भरत असेल तर हीच सवलत ८०यूखाली मिळते.

आता हिशेब. पगार १४ लाख. प्रमाणित वजावट ५० हजार, पीएफ-एलआयसी १.५ लाख, एनपीएस ५० हजार, विमा २५ हजार, आईवडील ५० हजार, घरात तीव्र दिव्यांग व्यक्ती १.२५ लाख. एवढे सगळे धरूनही जुन्या प्रणालीत कर १,०६,६०० रुपये, नव्या प्रणालीत ८१,९००. घरकर्जाचे २ लाख व्याज आले तरच जुनी प्रणाली ६५,००० वर उतरते. दोन्ही आकडे मांडल्याशिवाय निवड करू नका.

विवरणपत्रासोबत कागद जोडावे लागत नाहीत, याचाच फायदा काही एजंट घेतात आणि टक्केवारीवर खोट्या वजावटी टाकतात. प्राप्तिकर खात्याने १४ जुलै २०२५ ला देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. ८०डी आणि ८०डीडीबीचे बनावट दावे त्यात होते. नोटीस करदात्याच्या नावाने येते, एजंटच्या नाही. मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो.

जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरा. पगारदारांसाठी ती साधारणपणे ३१ जुलै असते. नंतर भरले तर नवीच प्रणाली लागते.