कुळवृत्तांतातील कोरी जागा

आपल्या जुन्या घराण्यांचे कुळवृत्तांत चाळताना मूळ गाव, स्थलांतराचे कारण, वतन, कुलदैवत आणि पुरुषांची नावे हे सारे व्यवस्थित सापडते. मध्येच एखाद्या नावापुढे 'भ्रमिष्ट' एवढाच शेरा असतो. त्या पुरुषाला तीस-चाळीस वर्षे कोणी जेवू घातले, अपरात्री कोणी शोधून आणले, याविषयी एक अक्षरही नसते. बहुधा ती त्याची पत्नी असे. आणि पत्नीच आजारी असली, तर तिचे नावसुद्धा गाळलेले आढळते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या डिचोली-पेडणे महालांत असा आजार वैद्याआधी देवाकडे जाई. कौल लावावा, घाड्याला विचारावे, नवस बोलावा. शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेला, वैशाख शुद्ध पंचमीस, धोंड व्रतस्थ राहून तळीवर स्नान करतात आणि पहाटेच्या सुमारास हाती वेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जातात. त्या गर्दीत घरच्या माणसाच्या दुखण्यासाठी बोललेले नवसही असतात. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कौलाच्या भरवशावर उपचाराची मोलाची वर्षे वाया गेली, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याला आपल्या माणसासाठी काहीच करता येत नव्हते, त्याला व्रताने काहीतरी करावयास दिले, हे मात्र खरे.

कायद्याची दृष्टी वेगळी होती. पोर्तुगालात ३ नोव्हेंबर १९१० रोजी झालेला आणि पुढे गोव्यासही लागू झालेला घटस्फोटाचा कायदा त्या काळच्या मानाने धीट होता. असाध्य वेड न्यायालयाने जाहीर केल्यावर तीन वर्षे लोटली, की ते विवाहविच्छेदाचे कारण होऊ शके. म्हणजे सोडून जाणाऱ्यासाठी कलम होते. न सोडणाऱ्यासाठी काहीच नव्हते.

पणजीच्या आल्तिन्यो टेकडीवर मनोरुग्णालय उघडले ते १९५७ साली. त्याला नाव दिले आबे फारियाचे, संमोहनविद्येचा अभ्यास करणाऱ्या कांदोळीच्या धर्मगुरूचे. (गंमत अशी, की फारियाचे स्वतःचे आईवडील संमतीने विभक्त होऊन दोघेही धर्मसंघात गेले होते.) १९८० मध्ये त्याच रुग्णालयाची मनोविकार व मानवी वर्तन संस्था झाली, ती आज बांबोळीस आहे. तोवर कोकणातल्या लोकांच्या तोंडी एकच वाक्य असे : 'रत्नागिरीला पाठवा'. तिथले मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातले. पाठवणे याचा अर्थ विसरणे असा होता, हे वेगळे सांगावयास नको.

मनाचे दुखणे पुष्कळदा अंगाच्या दुखण्याचा वेष घेऊन येते. पाठ, सांधे, डोके, सतत थकवा. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेच्या आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या अभ्यासांनी हे वारंवार दाखविले आहे. त्यांनी गोव्यातील २४ दवाखान्यांत प्रयोग केला. साध्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी खिन्नतेच्या रुग्णांशी बोलावे, अशी त्याची योजना होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाला. खाजगी दवाखान्यांत फरक दिसला नाही. पण उलटही घडते. वर्षानुवर्षे न थांबणारी वेदना मनालाही पोखरते, आणि मग कोणते आधी नि कोणते नंतर हे शेजारी निजणाऱ्यालाही सांगता येत नाही. ताप दिसतो, जखम दिसते. 'दुखते आहे' हे मात्र रोज नव्याने खरे मानावे लागते. अशा घरात सर्वांत आधी झिजतो तो हा विश्वास.

मराठी माणसांत या सोबतीविषयी उघडपणे बोलणारे थोडे. त्यांत प्रा. जगन्नाथ वाणी यांचे नाव आम्हांस प्रथम आठवते. मूळचे धुळ्याकडचे वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवीत. पत्नीस स्किझोफ्रेनिया झाला. घरातली गोष्ट घरात ठेवण्याची आपली रीत मोडून त्यांनी ती जगाला सांगितली, आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही त्यांचेच पाठबळ होते. त्यात आजारी भावाला सांभाळते ती विवाहित बहीण, जोडीदार नव्हे. तरी सांभाळणाऱ्याच्या थकव्याला मराठी पडद्यावर इतकी जागा क्वचितच मिळाली असेल. वाणी २०१७ मध्ये निवर्तले. अशा मदतगटांतून दोन शब्द रूढ झाले आहेत : आजारी तो 'शुभार्थी', सांभाळणारा तो 'शुभंकर'. ज्याला भाषेत नाव नव्हते त्याला ते मिळाले.

त्याच वर्षी, २०१७ मध्ये, मानसिक आरोग्य सेवेचा नवा कायदा संमत झाला. आजारी व्यक्तीसोबत राहून तिची काळजी वाहणाऱ्याची व्याख्या त्यात आहे. मात्र प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार आजारी व्यक्तीचा. विवाह झाला म्हणून जोडीदार आपोआप तो ठरत नाही. काहींना हे कठोर वाटले. आम्हांस ते योग्य वाटते, कारण पूर्वी 'सांभाळणे' या नावाखाली कोंडून ठेवणेही झाले आहे.

आमच्या घरच्या हस्तलिखित वंशावळीत एका पणजोबांच्या भावापुढे तोच 'भ्रमिष्ट' शेरा आहे. त्यांच्या पत्नीचे सासरचे नाव घरातील वृद्धांना ठाऊक होते, माहेरचे कोणालाच नाही. गेल्या वर्षी नवी प्रत उतरवताना आम्ही तो शेरा काढून टाकला आणि तिचे जेवढे नाव ठाऊक होते तेवढे लिहिले. माहेरच्या नावासाठी दोन बोटे जागा सोडली आहे.