मूत्रपिंडविकार, दीर्घकालीन : चाकूर आणि देशोदेशीची उपचारव्यवस्था

मूत्रपिंडांचे काम तीन महिन्यांहून अधिक काळ मंदावलेले असणे, किंवा तितका काळ लघवीतून प्रथिने जात राहणे, याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. त्याचे पाच टप्पे मानले जातात. रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेला की तो पाचवा टप्पा. तेव्हा रुग्णासमोर मुख्यतः दोन वाटा उरतात : डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही. पायांवर सूज येते, दम लागतो, जेवण नकोसे होते, तोवर बरेचदा उशीर झालेला असतो.

चाकूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव लातूर–नांदेड रस्त्यावर, लातूरपासून सुमारे ३५ कि.मी. अंतरावर आहे. लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचे आणि नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डायलिसिसची एक फेरी साधारण चार तासांची असते आणि अशा फेऱ्या आठवड्यातून दोन-तीन वेळा घ्याव्या लागतात. तीन वेळा लातूरला जाऊन येणाऱ्या चाकूरच्या रुग्णाचा प्रवास वर्षाला सुमारे ११,००० कि.मी. भरतो. एसटीने अशा रुग्णांना भाड्यात सवलत दिली आहे. सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी मात्र प्रत्येक फेरीला बुडते. उपचार मोफत म्हणताना हा खर्च धरलाच पाहिजे.

पैशाचा प्रश्न देशोदेशी वेगवेगळ्या रीतीने सुटला. अमेरिकेत सिएटलला १९६० साली बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस शक्य झाले. यंत्रे थोडी होती, म्हणून कोणाला जगवायचे हे तिथे नागरिकांची एक समिती ठरवी. पुढे १९७२ च्या कायद्याने बहुतेक सर्व रुग्णांचा भार तिथल्या सरकारी विम्याने उचलला. महाराष्ट्रात मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नांदेड होते, लातूर नव्हते. चाकूरला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. २०१७ पासून या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. मराठवाड्यातील जिल्ह्यांसह शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तिच्यात घेतले गेले, हे या भागापुरते मोलाचे पाऊल होते.

केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, एप्रिलमध्ये, दुष्काळामुळे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहायला हव्यात. डायलिसिस यंत्रात मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आणि तितके शुद्ध पाणी मिळवताना गाळणीतून आणखी बरेच वाया जाते. पहिल्या रेल्वेने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले होते. टँकरच्या मुलखात डायलिसिस केंद्र काढायचे तर यंत्रांच्या आधी पाण्याचा हिशेब झाला पाहिजे.

म्हणूनच थायलंडचा अनुभव चाकूरला जवळचा आहे. तिथल्या सरकारी विम्याने २००८ मध्ये पोटातल्या डायलिसिसला पहिली पसंती दिली. हाँगकाँगने ते धोरण त्याआधीच, १९८५ पासून, धरले होते. पोटातल्या डायलिसिससाठी द्रवाच्या तयार पिशव्या घरी येतात. रुग्ण किंवा घरचे माणूस त्या दिवसातून तीन-चार वेळा बदलते. यंत्र लागत नाही, प्रवास वाचतो. धोका संसर्गाचा असतो. हात धुण्यात हयगय झाली तरी पोटात पू होऊ शकतो. २०२२ मध्ये थायलंडने निवड रुग्णावर सोपवली. भारतातील कार्यक्रमात ही पद्धत २०१९ मध्ये आली, पण गावांपर्यंत ती फार थोडी पोचली आहे.

प्रत्यारोपणासाठी भारतात १९९४ चा कायदा लागू आहे. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. इराणने १९८८ पासून मोबदल्याची व्यवस्था ठेवली. स्पेनने १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभारून मरणोत्तर दानावर भर दिला. आपल्याकडे किडनी बहुतेक वेळा घरातल्याच कोणाची असते, आणि देणाऱ्यांत बायकाच अधिक असतात. आई देते, बायको देते. तिला गरज पडली तर कोण देईल, हे घराघरात विचारले जायला हवे.

या विकाराची प्रमुख कारणे मधुमेह आणि रक्तदाब. पण श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, आंध्रातील उद्दानम भागात आणि मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत ही कारणे नसतानाही तो आढळतो. मध्य अमेरिकेच्या बाबतीत उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी कमी होणे यांकडे संशोधकांचा रोख आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची फडावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी व्हावी, ती याचसाठी.

चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथचे संजीवनी बेट आहे. औषधी वनस्पतींसाठी तिथे दूरदूरचे लोक येतात. वनस्पती म्हणजे निर्धोकच, असे मात्र नाही. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या चिनी जडीबुटीने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ मध्ये उघड झाले. दोष ॲरिस्टोलोकिक आम्लाचा होता. ते असलेल्या वनौषधींवर तैवानने २००३ मध्ये बंदी घातली. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेल्या माणसाने कोणताही पाला, काढा किंवा अंगदुखीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शुगर किंवा बीपी असलेल्याने तर वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. या तपासण्यांना ना मोठे यंत्र लागते, ना आठवड्याच्या खेपा.