पाणी वाचले, तर वीजही वाचेल!
पनवेलपुढे हवामानबदलाचे दुहेरी आव्हान

पनवेल - गाढी नदी आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेल्या पनवेलने हवामानाची दोन्ही टोके अनुभवली आहेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढीचे पाणी वस्त्यांत शिरले. तर १६ एप्रिल २०२३ रोजी महापालिका हद्दीतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. पूर आणि उष्मा या दोहोंना तोंड देताना विजेची गरज वाढते आणि कोळशावरील वीज हवामानबदलात भर घालते. हे चक्र भेदण्यासाठी ऊर्जाबचत महत्त्वाची ठरते.

पनवेलमध्ये १८५२ मध्ये नगरपालिका आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका स्थापन झाली. गाढीवरील देहरंग धरण शहराच्या मालकीचे असले, तरी ते उन्हाळ्यात अपुरे पडते. त्यामुळे पाताळगंगेचे पाणी पंपाने उचलून आणावे लागते. एक हजार लिटर पाणी ५० मीटर उंच चढविण्यास सुमारे ०.२ युनिट वीज लागते. या हिशेबाने रोजची एक कोटी लिटर गळती थांबविल्यास दररोज दोन हजार युनिट वीज वाचू शकते. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास ही बचत सुमारे १.४ टनांची होते. म्हणूनच जलवाहिन्यांची दुरुस्ती हा ऊर्जाबचतीचाही कार्यक्रम ठरतो.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. कळंबोलीसारख्या सखल भागांसाठी सिडकोने धारण तलावांची पद्धत अवलंबिली. भरतीच्या वेळी झडपा बंद राहून पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. या निचऱ्याला वीज लागत नाही. मात्र तलावात गाळ साचला, की साठवणक्षमता घटते आणि पंपांवरील भिस्त वाढते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी मोठा भराव झाला असून, उलवे नदीचा प्रवाहही वळविण्यात आला आहे. त्यामुळे उरलेल्या नैसर्गिक वाटा मोकळ्या राखणे आणि खारफुटी जपणे अधिकच निकडीचे झाले आहे.

घरगुती पातळीवरही बराच वाव आहे. साध्या छतपंख्याला सुमारे ७५ वॅट, तर नव्या ऊर्जाबचत पंख्याला ३० वॅटच्या आसपास वीज लागते. गच्चीला पांढरा लेप दिल्यास वरच्या मजल्यावरील उष्मा कमी होतो. छतावरील सौर संचासाठी केंद्राच्या २०२४ मधील सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतंत्र हवामान कृती आराखडा जाहीर केला. पनवेलच्या नियोजनातही जलवाहिनी, धारण तलाव आणि वीजबिल यांचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक आहे. अन्यथा पूर ओसरविण्याचा आणि पाणी पुरविण्याचा खर्च दरवर्षी वाढतच राहील.